एअर नाइफच्या हवेचा वेग: ठरवणे, मोजणे आणि टिकवणे

एअर नाइफ म्हणजे लांबट, अरुंद फटीतून हवेचा पातळ, जोरदार झोत सोडून वस्तू सुकवणारे साधन. बाटली ओली राहिली, लेबलचा कोपरा सुटला किंवा तारखेची शाई पसरली, की लाइनवरचा माणूस सर्वप्रथम रेग्युलेटर फिरवून दाब वाढवतो. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तीच तक्रार येते आणि रेग्युलेटर आणखी अर्धा फेरा पुढे सरकतो. असे करत करत सहा-साडेसहा बारवर जाऊन पोहोचलेल्या आणि तरीही बाटली नीट न सुकवणाऱ्या एअर नाइफ मी अनेक ठिकाणी पाहिल्या आहेत. खरा दोष बहुतेक वेळा नाइफ आणि बाटलीमधील अंतरात, फटीत किंवा हवा आणणाऱ्या नळीत सापडला. पण वस्तूजवळ हवेचा वेग किती आहे हे कोणी मोजलेलेच नसल्यामुळे तो महिनोन्‌महिने लक्षात आला नव्हता.

पुढील टप्पे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या एअर नाइफसाठी आहेत. उदाहरणासाठी मी कोकणातील सरबताच्या लाइनसारखे काम धरले आहे: ७५० मिलीलिटरच्या काचेच्या बाटल्या, थंड पाण्याच्या फवाऱ्यातून बाहेर येणाऱ्या, मिनिटाला ६०; कन्व्हेअरचा वेग मिनिटाला १० मीटर; आणि लेबल लावण्याआधी दोन्ही बाजूंना ३०० मिमी लांबीची प्रत्येकी एक नाइफ.

## हात लावण्यापूर्वी: दाब, वेग आणि अंतर

आतील दाब गेजवर साधारण ०.९ बारच्या पुढे गेला, की फटीच्या सर्वांत अरुंद जागी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो आणि दाब कितीही वाढवला तरी त्या जागी तो वाढत नाही. २० अंश तापमानाची हवा फटीतून जाताना थंड होते, त्यामुळे हा कमाल वेग सेकंदाला ३१० मीटरच्या आसपास असतो. त्यापुढे वाढवलेल्या दाबामुळे जास्त वजनाची हवा बाहेर पडते आणि फटीबाहेर आल्यावर ती आणखी फुगून पुढे ढकलली जाते. म्हणून वस्तूजवळचा वेग वाढतो खरा, पण हवेच्या खर्चाच्या मानाने फारच कमी.

आकड्यांत सांगायचे तर दाब ३ बारवरून ६ बारवर नेल्यास हवेचा खर्च पाऊणपटीने वाढतो आणि वस्तूजवळचा वेग साधारण १.४ पट होतो. याउलट लांबट फटीतून निघणाऱ्या झोताचा वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे १०० मिमीवर असलेली नाइफ ५० मिमीवर आणली तरी वेग तितकाच, १.४ पट, वाढतो आणि त्यासाठी हवेचा एक थेंबही जास्त लागत नाही. पुढील सर्व टप्प्यांचा क्रम याच गोष्टीवरून ठरवला आहे: आधी नळी, फट आणि अंतर, दाब सर्वांत शेवटी.

## टप्पा १: ओलावा नेमका कुठून येतो ते ठरवा

वेगाने सुटणारा प्रश्न आहे की नाही, हे आधी तपासावे. पावसाळ्यात कोकणातील हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतील बाष्पाचे पाणी होते) २५ अंशांच्या आसपास असतो. बाटली त्याहून थंड असेल, तर नाइफने ती पूर्ण कोरडी केली तरी दोन पावले पुढे गेल्यावर तिच्यावर पुन्हा दव धरते, आणि सेकंदाला १०० मीटरचा झोतही हे थांबवू शकत नाही.

तपासणी: फवाऱ्यातून आलेली एक बाटली फडक्याने स्वच्छ पुसून लाइनशेजारी दोन मिनिटे उभी ठेवावी. तिच्यावर धुक्यासारखा थर आला, तर नाइफला हात न लावता थंड करण्याच्या पाण्याचे तापमान वाढवावे.

हाच नियम प्लास्टिकवर चिकटलेल्या धुळीला आणि तेलाच्या थराला लागू आहे. स्थिर विजेमुळे बसलेली धूळ सुटण्यासाठी भार नाहीसा करणारा आयनायझर लागतो आणि तेलकट थराला धुलाई लागते. या दोन्ही ठिकाणी वेग वाढवत राहणे म्हणजे वीज जाळणे आहे.

## टप्पा २: हवेचा हिशेब आणि नळीचा व्यास

३०० मिमी लांब आणि ०.०५ मिमी रुंद फटीचे क्षेत्रफळ १५ चौरस मिमी भरते. डोळ्यांना ही फट जेमतेम दिसते, पण हवेच्या दृष्टीने ती एअर लाइनला पडलेले सुमारे साडेचार मिमी व्यासाचे सतत उघडे भोक आहे. साडेपाच बारवर अशी एक नाइफ मिनिटाला साधारण एक घनमीटर, म्हणजे ३५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा घेते. दोन नाइफना ७० सीएफएम लागतात. सात बारच्या कॉम्प्रेसरकडून प्रत्येक अश्वशक्तीमागे ४ सीएफएम मिळतात असे धरले, तर ही जोडी एकटीच १७-१८ अश्वशक्ती खाते, म्हणजे २० अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर जवळजवळ तिच्यासाठीच चालतो. लाइन दिवसभर अखंड चालणार असेल आणि जागा असेल, तर रुंद फटीची, कमी दाबाच्या ब्लोअरवर चालणारी नाइफ घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच कामाला तिला बरीच कमी वीज लागते.

कॉम्प्रेस्ड हवाच वापरायची असेल, तर नळीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. घर्षणाने होणारी दाबाची घट व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असते, त्यामुळे नळी थोडी बारीक झाली तरी नुकसान फार मोठे होते. ६ बारवर ३५ सीएफएम वाहत असताना आतून ८ मिमी व्यासाच्या ३ मीटर नळीत सुमारे १ बार दाब हरवतो. तीच नळी आतून १२ मिमीची असेल तर ०.१५ बारपेक्षा कमी हरवतो. अर्ध्या इंची पाइपात तर १० मीटर अंतरालाही ०.१२ बारच्या आसपासच घट येते. नळीचा व्यास विचारताना आतला व्यास विचारावा, कारण दुकानात '१२ ची नळी' म्हणून मिळणारी नळी पुष्कळदा बाहेरून १२ आणि आतून ८ मिमीची असते.

नेहमीची चूक: गेज रेग्युलेटरवर आहे आणि नाइफ तिथून सहा मीटर दूर आहे. हवा बंद असताना दोन्हीकडे दाब सारखाच दिसतो. हवा सुरू झाली की नाइफपाशी तो कोसळतो. म्हणून दुसरे गेज नाइफच्या तोंडाशी टी आकाराचा सांधा लावून बसवावे आणि हवा वाहत असतानाचाच आकडा नोंदवावा. दोन्ही गेजमधील फरक ०.३ बारपेक्षा जास्त असेल, तर पुढचा टप्पा सुरू करू नये. क्विक कपलर, अर्धवट उघडा बॉल व्हॉल्व्ह आणि लागोपाठचे एल्बो यांच्याकडे आधी पाहावे. ६०० मिमीपेक्षा लांब नाइफला दोन्ही टोकांकडून हवा द्यावी.

## टप्पा ३: हवा कोरडी आणि स्वच्छ करा

पावसाळी हवेत ३० अंशांना, ९० टक्के आर्द्रतेत, प्रत्येक घनमीटरमागे सुमारे २७ ग्रॅम बाष्प असते. वरच्या दोन नाइफसाठी कॉम्प्रेसर तासाला १२० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तासाला तीन लिटरहून अधिक पाणी आत घेतो. हे पाणी आफ्टरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारे साधन), रिसीव्हर टाकी आणि ड्रायर यांतून बाहेर पडलेच पाहिजे. ऑटो ड्रेन (साचलेले पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला, तर सुकवण्यासाठी लावलेली नाइफच बाटलीवर पाण्याचे बारीक तुषार मारते.

नाइफच्या आधी जोडणीचा क्रम असा ठेवावा: बंद करण्याचा व्हॉल्व्ह, ५ मायक्रॉनचा फिल्टर, तेल काढणारा फिल्टर, रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेने उघडझाप होणारा) व्हॉल्व्ह आणि मग नाइफ.

सावधान: बाजारात फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर (हवेत तेल मिसळणारा भाग) एकत्र जोडलेला संच सहज मिळतो आणि हवेवर चालणाऱ्या सिलिंडरच्या सवयीने तोच इथेही लावला जातो. एअर नाइफला ल्युब्रिकेटर कधीही लावू नये. त्यातले तेल थेट बाटलीवर जाते, लेबलचा गोंद धरत नाही आणि दोष गोंदाच्या माथी जातो.

## टप्पा ४: नळी साफ करणे आणि फट लावणे

नाइफ जोडण्याआधी नळीचे मोकळे टोक एका गोणपाटात घट्ट धरून बांधावे आणि कमी दाबाने अर्धा मिनिट हवा सोडावी. गोणपाटावर गंज, पाइप कापताना पडलेला कीस आणि टेफ्लॉन टेपचे पांढरे तंतू दिसतील. ते दिसणे बंद होईपर्यंत हे पुन्हा करावे. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिले दोन आटे मोकळे सोडावेत, म्हणजे टेपची कड आत तुटून पडत नाही.

हे मी आग्रहाने सांगतो, त्याला एक कारण आहे. एका लाइनवर प्रत्येक बाटलीच्या लेबलचा वरचा उजवा कोपराच सुटत होता, तोही तळापासून एकाच उंचीवर. गोंद बदलून झाला, लेबल बदलून झाले. नाइफ उघडल्यावर त्याच उंचीला फटीत आडवा बसलेला, नखापेक्षाही लहान टेपचा एक तंतू निघाला. त्याच्यामागे झोतात एक पट्टा रिकामा राहत होता आणि बाटलीवर पाण्याची बोटभर रुंद ओली रेघ तशीच पुढे जात होती.

फट शिमने, म्हणजे नाइफच्या दोन भागांमध्ये घातलेल्या पातळ पत्र्याने, ठरते. ०.०५ मिमीचा शिम माणसाच्या बारीक केसाएवढा जाड असतो, त्यात ०.०२ मिमीचा फरक पडला तरी हवेचा खर्च ४० टक्क्यांनी बदलतो. म्हणून शिम हाताळताना पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१. हवा बंद करून कुलूप लावावे, नळीतील उरलेला दाब सोडावा आणि गेज शून्यावर आल्याची खात्री करावी.

२. दोन्ही ओठ (फटीच्या दोन कडा) मऊ कापड आणि स्पिरिट यांनी पुसावेत. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नये. ओठावर एक ओरखडा पडला तरी तिथून झोत फाटतो.

३. शिमला घडी पडली असेल, तर तो सरळ करून पुन्हा वापरू नये, नवा घालावा.

४. बोल्ट मध्यापासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे घट्ट करत जावे, तेही दोन फेऱ्यांत: पहिली फेरी हलकी, दुसरी टॉर्क पान्याने, निर्मात्याने दिलेल्या आकड्यावर.

मधला एखादा बोल्ट ढिला राहिला तर काय होते, हे आकड्याने समजते. आतला पोकळ भाग ३०० मिमी लांब आणि २० मिमी रुंद असेल, तर ५ बारवर वरच्या पट्टीवर सुमारे ३०० किलोचा जोर येतो. ती पट्टी मध्ये फुगते, फट तिथे रुंदावते, मध्ये हवा जास्त आणि टोकांना कमी जाते. बंद अवस्थेत फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) मोजले तर हा दोष दिसत नाही. तो सातव्या टप्प्यात मोजमापातच उघड होतो.

## टप्पा ५: अंतर, कोन आणि जागा

नाइफ उभी बसवावी आणि तिचा झोत बाटली येते त्या दिशेला २० ते ३० अंश वळवलेला असावा, म्हणजे पाणी बाटली जिकडून आली त्या बाजूला मागे रेटले जाते. नाइफचा झोत किंचित खाली वळवला, तर पाणी तळाकडे ढकलले जाते. फक्त एवढे करून झाकणाच्या कड्याखाली अडकलेले पाणी निघत नाही. त्यासाठी आधी वरून एक लहान नॉझल द्यावे. सुकवण्याचा क्रम नेहमी झाकण, मग अंग, मग तळ असा असावा, नाहीतर वरचे पाणी सुकलेल्या अंगावर ओघळते.

लेबलच्या पृष्ठभागापासून ४० ते ६० मिमी अंतर मी सुरुवातीला धरतो. ५० मिमीचे अंतर १०० झाले तर वेग ७० टक्क्यांवर येतो आणि २०० झाले तर निम्मा राहतो. फार जवळ नेले तर झोत अगदी अरुंद राहतो, आणि डोलणारी बाटली नाइफला घासण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी गाइड रेल आवळून बाटलीचे डोलणे कमी करावे आणि मगच नाइफ जवळ आणावी.

नेहमीच्या दोन चुका: पहिली, दोन्ही नाइफ अगदी समोरासमोर लावणे. दोन झोत एकमेकांवर आदळतात, पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूवर उडते आणि रिकामी बाटली आडवी होते. दोघींत कन्व्हेअरच्या दिशेने किमान दीड बाटलीचे अंतर ठेवावे. दुसरी चूक म्हणजे आवाज आणि तुषार अडवण्यासाठी नाइफच्या पाठीला स्टीलचा पत्रा चिकटवून बसवणे. अशा नाइफचा झोत आजूबाजूची हवा ओढून घेऊन मोठा होतो. ती वाट बंद झाली की वेग पडतो. पत्रा हवाच असेल, तर मागे हवा येण्यास पुरेशी मोकळी जागा ठेवून बसवावा.

## टप्पा ६: पहिल्यांदा हवा सोडणे

रेग्युलेटर पूर्ण सैल करून मुख्य व्हॉल्व्ह सावकाश उघडावा आणि दाब १ बार, २ बार असा पायरीपायरीने ३ बारपर्यंत न्यावा. प्रत्येक पायरीवर सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. डोळ्यांना गॉगल आणि कानांना संरक्षण लावूनच उभे राहावे. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही कमाल मर्यादा कारखान्यांत धरली जाते. तिच्या आतला आवाजही दिवसभर त्रासदायक असतो.

सावधान: झोत चांगला आहे का, हे तळहात समोर धरून पाहण्याची सवय सोडावी. दाबाखालची हवा कातडीखाली किंवा जखमेत शिरू शकते, आणि तळहाताला सेकंदाला ४० व ६० मीटर या वेगांमधला फरक तसाही कळत नाही. त्याच हवेने कपडे किंवा अंगावरची धूळ झाडू नये.

## टप्पा ७: वस्तूजवळचा वेग मोजणे

साध्या पंख्याच्या ॲनिमोमीटरने हे काम होत नाही. त्याचे चाक झोतापेक्षा मोठे असते आणि बहुतेकांची मर्यादा इतक्या वेगाआधीच संपते. गरम तारेचा ॲनिमोमीटर पाण्याच्या तुषारांत टिकत नाही. लाइनवर सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे पिटो नळी (तोंड झोतासमोर धरून त्याचा दाब पकडणारी) आणि तो दाब पाण्याच्या पातळीतून दाखवणारी यू नळी, आणि ती कोणत्याही मेंटेनन्स विभागाला अर्ध्या दिवसात करता येते.

३ मिमी बाहेरील व्यासाची स्टीलची सरळ नळी घ्यावी, टोक काटकोनात कापून कड घासून गुळगुळीत करावे. तिला पारदर्शक नळी जोडून ती नळी एका लाकडी फळीवर यू आकारात बसवावी, प्रत्येक बाजू अर्धा मीटर उंच. मागे मिमीची पट्टी लावावी आणि निम्म्या उंचीपर्यंत रंगीत पाणी भरावे. दुसरे टोक हवेत उघडे ठेवावे. आता स्टीलच्या नळीचे तोंड झोताच्या अगदी समोर, बाटलीचा पृष्ठभाग जिथे येतो तेवढ्या अंतरावर, स्टँडवर धरावे आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरक मिमीमध्ये वाचावा.

त्या फरकाचे वर्गमूळ काढून चारने गुणले, की सेकंदाला मीटरमध्ये वेग मिळतो. फरक १०० मिमी असेल तर वेग ४० मीटर, २२५ मिमी असेल तर ६० मीटर. हवा जसजशी विरळ, तसतसा गुणक वाढतो: किनाऱ्यावर ३० अंशांना तो ४.१ घ्यावा, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असलेल्या पुण्यात उन्हाळ्याच्या दुपारी ४.३.

मोजताना बाटल्या काढून टाकाव्यात. ३०० मिमीच्या नाइफवर टोकांपासून २५ मिमी सोडून दर ५० मिमीला एक, असे सहा बिंदू खडूने आखावेत. प्रत्येक बिंदूवर नळी मागेपुढे दोन-तीन मिमी हलवून सर्वांत मोठा आकडा घ्यावा, कारण झोताची मधली रेघ चुकली तर आकडा लगेच पडतो. समजा सहा फरक २१०, २२०, २२५, २१५, १२० आणि २०५ असे आले. पाचवा बिंदू सेकंदाला ४५ मीटर देतो आणि बाकीचे ६० च्या आसपास आहेत. म्हणजे तिथे फटीत काहीतरी अडकले आहे. दोन्ही टोके सारखी कमी आणि मध्य जास्त असेल, तर मधले बोल्ट पाहावेत. हवा येण्याच्या बाजूकडून दुसऱ्या टोकाकडे आकडे एकसारखे उतरत गेले, तर हवा अपुरी पोहोचते आहे.

तपासणी: सर्व बिंदूंचा वेग सरासरीच्या १० टक्के आत असावा. पाण्याच्या फरकात हेच २० टक्के दिसते, त्यामुळे आकडा पाहून घाबरू नये. असमान झोतावर दाब वाढवण्याची मुभा कोणालाही देऊ नये. आधी टप्पा ४ पुन्हा करावा.

## टप्पा ८: दाब वरून खाली आणत ठरवा

झोत समान झाला, की लाइन पूर्ण वेगाने चालवून ५ बारपासून सुरुवात करावी आणि दर वेळी अर्धा बार दाब कमी करावा. प्रत्येक पायरीवर वीस बाटल्या काढून लेबलच्या जागी टिश्यू कागद दाबून पाहावा. ज्या पायरीवर पहिला ओला डाग दिसेल, तिच्या अर्धा बार वर दाब कायम करावा आणि त्याच वेळी पिटो नळीने वेग मोजून तो लिहून ठेवावा. अशा बाटल्यांसाठी मला बहुधा सेकंदाला ५० ते ६० मीटर पुरेसे ठरले आहेत. वेग नोंदवणे यासाठी महत्त्वाचे, की उद्या नळी किंवा अंतर बदलले तर दाबाचा आकडा निरुपयोगी होतो. वेगाचा आकडा मात्र तसाच लागू राहतो.

मग रेग्युलेटरला कुलूप लावावे.

बाटली समोर असतानाच हवा सोडण्यासाठी सेन्सर लावावा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. १० मीटरच्या कन्व्हेअरवर मिनिटाला ६० बाटल्या असतील, तर ८० मिमी व्यासाची बाटली झोतासमोर सुमारे अर्धा सेकंद असते आणि उरलेला अर्धा सेकंद हवा रिकाम्या जागेत जाते. पण प्रत्येक बाटलीला उघडझाप केली, तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह आठ तासांत २८,८०० वेळा चालतो आणि नाइफमध्ये दाब भरायलाही वेळ लागतो. सलग येणाऱ्या बाटल्यांसाठी मी ती उघडझाप टाळतो; तीन सेकंद बाटली आली नाही की हवा बंद, एवढीच सोय ठेवतो. जेवणाची सुट्टी आणि लाइन अडकलेली असताना वाया जाणारी हवा त्यानेच वाचते.

## टप्पा ९: दर आठवड्याचे काम

नाइफशेजारी एक तक्ता लावावा आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: हवा वाहताना नाइफच्या तोंडाचा दाब, बाटलीपासूनचे अंतर, सहा बिंदूंचे पाण्याचे फरक आणि तारीख. अंतर मोजण्यासाठी ठरलेल्या मापाचा लाकडी ठोकळा करून तिथेच साखळीने बांधावा. पट्टीने मोजण्यापेक्षा तो वेळ वाचवतो आणि बाटलीचा आकार बदलल्यावर ब्रॅकेट सरकवणाऱ्यालाही तोच उपयोगी पडतो. दाब तोच आणि सर्व बिंदूंवरचे फरक कमी दिसले, तर आधी अंतर, मग नाइफची पाठ आणि ओठ तपासावेत. दाबच उतरलेला असेल तर फिल्टर आणि नळी पाहावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ऑटो ड्रेन रोज सकाळी हाताने दाबून पाहावा आणि त्यातून पाणी आले की नाही, हेही त्याच तक्त्यावर लिहावे.